मोठी टाकी, जुनी फ्रेम : वाचकांचे प्रश्न

जुन्या मोटारसायकलींच्या देखभालीविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली : मूळच्या टाकीपेक्षा जास्त पेट्रोल मावणारी टाकी जुन्या फ्रेमवर बसवता येते का, आणि बसवली तर पुढे काय निस्तरावे लागते. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९८६ सालची बुलेट ३५० आहे. इंजिन जुने, ओतीव लोखंडी सिलिंडरचे असून गाडी वडिलांपासून घरात आहे. येत्या जुलैमध्ये मनालीमार्गे लेहला जाण्याचा बेत आहे. टाकीत साडेचौदा लिटर पेट्रोल मावते आणि अ‍ॅव्हरेज तीसच्या आसपास मिळते. एका जुन्या मालाच्या दुकानात रॉयल एनफिल्डच्याच थंडरबर्ड गाडीची वीस लिटरची टाकी पाहिली आहे. आमचे वेल्डर म्हणतात की, फ्रेमवरचे टाकीचे जुने कान, म्हणजे टाकी कसायचे आधार, कापून नव्या जागी नवे कान जोडले की झाले. हे करावे का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : टाकी बसू शकेल, पण कान कापण्याचा सल्ला मानू नका. टाक्या जुन्या बाजारात आणखी मिळतील. चाळीस वर्षांपूर्वीची धड फ्रेम सहजी मिळणार नाही, आणि मिळाली तरी तिच्यावरचा चेसिस क्रमांक आपल्या आरसी बुकाशी जुळणार नाही. म्हणून या कामात जे काही कापायचे, वाकवायचे किंवा जोडायचे असेल ते टाकीच्या अंगाला अथवा मध्ये घालायच्या पट्टीला करावे. फ्रेम इतकी जशीच्या तशी राहावी की, उद्या जुनी टाकी परत चढवायची म्हटले तर दोन पान्यांवर ती बसली पाहिजे.

फ्रेमविषयी एवढा आग्रह धरण्याचे कारण असे की, हँडलच्या मानेजवळ, जिथे वरची नळी आणि इंजिनाच्या पुढून उतरणारी नळी एकत्र येतात, तिथे ब्रेकचा आणि खड्ड्यांचा सगळा मार एकवटतो, आणि टाकीचा पुढचा आधार नेमका याच भागात असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या शेजारच्या लोखंडाचे गुणधर्म बदलतात, थंड होताना आत ताण राहून जातो आणि पुढे कधीतरी तडा जातो तो सांध्यात न जाता त्याच्या कडेच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या नळीत जातो. रंगाखाली तो बराच काळ दिसतही नाही. लेहच्या वाटेवरच्या बारालाचा खिंडीच्या उतारावर असला तडा उघड व्हावा, असे आपल्याला नक्कीच वाटणार नाही.

आता गरजेचा हिशोब करू. मनाली-लेह रस्त्यावर लाहौलमधील तांडी येथील पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे. सपाटीवर तीसचे अ‍ॅव्हरेज धरले तर साडेचौदा लिटरमध्ये ४३५ किलोमीटर होतात, म्हणजे कागदावर अडचण नाही. परंतु याच रस्त्यावरची तांगलांग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असल्यामुळे कार्बोरेटर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त देतो, गाडी काळा धूर टाकते आणि अ‍ॅव्हरेज पंचवीसवर येते असे धरून चालावे. मग तेच साडेचौदा लिटर ३६२ किलोमीटरांवर संपतात. वीस लिटरच्या टाकीत ५०० किलोमीटर होतील हे खरे. पण जुनी टाकी आणि सोबत पाच लिटरचा एक पत्र्याचा कॅन घेतला तर तोच आकडा ४८७ येतो. म्हणजे एवढी सगळी खटपट बारा-तेरा किलोमीटरांसाठी. आपल्या देशातील पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, मात्र ते घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात असले पाहिजे. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली पंपावर नाकारतात ते योग्यच आहे. मी आपल्या जागी असतो तर कॅन घेतला असता आणि वाचलेल्या पैशांत कार्बोरेटरचे लहान जेट, क्लचची तार आणि दोन ट्यूब घेतल्या असत्या.

तरीही मोठ्या टाकीची हौस असेल तर ती हौस वाईट नाही, आणि गाडी आपली आहे. तेव्हा पुढचे सारे टाकी घेण्यापूर्वी तपासावे.

पहिली गोष्ट, ती टाकी कोणत्या थंडरबर्डची आहे हे विचारा. २०१२ च्या अखेरीस आलेल्या थंडरबर्ड ३५० आणि ५०० या दोन्हींची टाकी वीस लिटरची होती, पण ३५० ला कार्बोरेटर आणि ५०० ला इंजेक्शन. कार्बोरेटरच्या टाकीला खाली पेट्रोल कॉकचे भोक असते आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरते. इंजेक्शनच्या टाकीला कॉक नसतो, तिच्या तळाला विजेवर चालणारा पंप बसवण्यासाठी मोठे गोल तोंड ठेवलेले असते. असे तोंड जाड पत्र्याने बंद करून त्यात कॉकसाठी आटे पाडता येतात, पण ते काम चांगल्या टर्नरचे आहे, आणि एवढे करूनही कॉक टाकीच्या सर्वांत खोल जागी येईल याची खात्री नसते. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-६ मानकाच्या बहुतेक गाड्यांच्या टाक्या याच प्रकारच्या असल्याने जुन्या गाडीसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये. पेट्रोलचा काटा चालवणारा तरंगता भाग टाकीत असेल तर तो काढू नका. त्याच्या वायरीची टोके झाकून बांधून ठेवली की ते भोक आपोआप बंद राहते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. टाकी फ्रेमवर घोड्यावरच्या खोगिरासारखी बसते : मधल्या पन्हाळीत फ्रेमची वरची नळी आणि दोन्ही बाजूंना पेट्रोलचे लोंबते पोट. तेव्हा टाकीची बाहेरची लांबीरुंदी पाहून काही कळत नाही, ती उलटी करून पन्हाळ मोजावी लागते. जाड पुठ्ठ्याचे दोन साचे कापावेत. एक आपल्या फ्रेमच्या बाजूने घ्यायचा, मानेपासून सीटच्या पुढच्या टोकापर्यंत, त्यात वरची नळी, इग्निशन कॉइल, सिलिंडर हेडचा माथा आणि वायरिंगचा जुडगा यांच्या जागा खुणा करून घ्यायच्या. दुसरा आडवा, पन्हाळीत सरकवून पाहण्याचा. हे साचे घेऊन दुकानात गेले की टाकी घरी आणण्याआधीच निम्मा निकाल लागतो. पन्हाळीचे छत आणि नळी यांत, तसेच टाकीचा तळ आणि सिलिंडर हेड यांत, बोटभर तरी मोकळी जागा हवी, कारण रबरावर बसलेली टाकी धक्क्याबरोबर हलते आणि हेडची उष्णता अगदी जवळून मिळाली तर पेट्रोलची वाफ होऊन नळीतला प्रवाह अडतो.

यापेक्षाही महत्त्वाची तपासणी हँडलची आहे. टाकी तात्पुरती ठेवून, हेडलाइटजवळच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) दोन्ही नळ्या टाकीच्या ज्या भागाकडे वळतात तिथे शाडूचे ओले गोळे चिकटवावेत, हँडल सावकाश एका टोकापर्यंत आणि मग दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे, आणि दबून राहिलेला गोळा सुरीने मधोमध कापून त्याची जाडी पट्टीने मोजावी. वीस मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर ती टाकी आपल्या गाडीची नव्हे. मूठ आणि टाकी यांच्यामध्येही अंगठा अडकता कामा नये. मोठ्या टाक्यांचे खांदे पुढे आलेले असतात आणि बाजारात वळण घेताना, गाडी मागेपुढे करताना, हँडल पूर्ण वळते तेव्हाच नेमका अपघात होतो. काही जण अशा वेळी फ्रेमवरच्या हँडलच्या अडणीला लोखंडाचा तुकडा जोडून वळणच कमी करतात. तसे करू नये. गाडी वळायला जागा जास्त लागते आणि घाटातल्या केसाच्या पिनेसारख्या वळणावर ते जाणवते. टाकी चढवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवून पाहा. इंजिनाचा आवाज वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची तार टाकीखाली दबते आहे.

आधारासाठी मध्ये घालायची पट्टी पाच मिलिमीटर जाडीची पोलादी घ्यावी आणि ती फ्रेमवर आधीपासून असलेल्या भोकांतच बोल्टने कसावी. जिथे भोक नाही तिथे नळीला दोन भागांचा पट्टा, आत रबर घालून, आवळावा. नळीला नवे भोक पाडू नये. टाकीचा प्रत्येक आधार रबरात असला पाहिजे. पुढे दोन आणि मागे एक अशी तीन ठिकाणे पुरतात, आणि मागचा बोल्ट हाताने हलवल्यावर टाकी किंचित डुलेल इतकाच आवळायचा असतो. टाकी हलू नये म्हणून बोल्ट करकचून आवळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मग टाकीच्या शिवणीत उतरते आणि कानाच्या मुळाशी पाझर सुरू होतो.

शेवटी पेट्रोल खरोखर किती वापरता येते ते पाहायचे. वीस लिटर मावतात म्हणून वीस लिटर इंजिनाला मिळत नाहीत. कॉक डाव्या पोटात असेल तर पातळी पन्हाळीच्या खाली गेल्यावर उजव्या पोटातले पेट्रोल तिथेच अडकते, आणि रस्त्याच्या कडेला गाडी आडवी कलवून ते पलीकडे ओतावे लागते. दोन्ही पोटांच्या तळांना जोडणारी रबरी नळी असेल तर हा प्रश्न राहत नाही. थंडरबर्डच्या चौकटीवर टाकी ज्या कोनात बसते त्यापेक्षा आपल्या फ्रेमवर पुढे किंवा मागे झुकली तर तळाची सर्वांत खोल जागाही बदलते. म्हणून टाकी गाडीवर चढवून, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, लिटरच्या मापाने पेट्रोल ओतत जावे आणि कॉक साध्या खुणेवर ठेवून नळीतून धार कितव्या लिटरला सुरू होते ते लिहून ठेवावे. तो आपला रिझर्व्ह आणि अडकलेला साठा मिळून झालेला आकडा. नंतर कॉक रिझर्व्हवर करून जेवढे निघेल तेवढे मापात काढले की दोन्ही वेगळे कळतात.

त्याच वेळी धारही मोजावी. ताशी ८० किलोमीटर वेगाला पंचवीसचे अ‍ॅव्हरेज धरले तर गाडी तासाला ३.२ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५३ मिलिलिटर पेट्रोल पिते. चढाला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर त्याच्या दुप्पट धरा. टाकीत दोनच लिटर उरलेले असताना मिनिटाला दोनशे मिलिलिटर धार मिळाली तर निश्चिंत राहावे. तेवढी मिळत नसेल तर कॉकची जाळी, नळीचा वळसा आणि मध्ये बसवलेला फिल्टर पाहावा. इंजेक्शनच्या गाडीचा कागदी फिल्टर वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलला नको तेवढा अडवतो. उलट, टाकी उंच असल्यामुळे पेट्रोलचा दाब थोडा वाढतो आणि झिजलेली, कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची निडल तो पेलत नाही. रात्री कॉक उघडा राहिला की सकाळी जमिनीवर थारोळे दिसते. निडल आणि तिची बैठक नवी टाका.

वाढीव वजनाची चिंता मात्र करू नका. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर भरते, म्हणजे साडेपाच लिटरचे चार किलो, त्यात मोठ्या टाकीच्या पत्र्याचे किलोदोन किलो धरले तरी मागे बांधलेल्या सामानापुढे ते काहीच नाही.

प्रश्न : माझ्या आरएक्स १०० ची टाकी मधून कापून, दोन्ही बाजूंना पत्रा घालून रुंद करून देतो असे येथील एक फॅब्रिकेटर म्हणतात. टाकी पाण्याने धुऊन आणा, एवढेच त्यांनी सांगितले आहे. (एक वाचक, कराड)

उत्तर : ‘एवढेच’ हा शब्द वाचून काळजी वाटली. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, कारण पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असते तेव्हाच तिचा स्फोट होतो, आणि पंधरा लिटरच्या रिकाम्या टाकीत असे मिश्रण तयार व्हायला चमचाभर, म्हणजे पाचएक मिलिलिटर पेट्रोल पुरते. तेवढे पेट्रोल तळाच्या शिवणीत आणि गंजाच्या खपल्यांखाली सहज लपून राहते. एकदा थंड पाणी फिरवून ते निघत नाही. कॉक आणि झाकण काढून, गरम पाणी व धुण्याची पावडर घालून टाकी तीन-चार वेळा खळखळून धुवावी, दोन दिवस दोन्ही तोंडे उघडी ठेवून उघड्यावर वाळवावी, आणि प्रत्यक्ष वेल्डिंगचा टाका मारताना टाकीत त्या जागेच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरलेले असावे, म्हणजे वाफेला आत जागाच राहत नाही. वास आला नाही म्हणून टाकी स्वच्छ आहे, असे समजू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली साचून राहते आणि नाकापर्यंत येतेच असे नाही.

मधून कापलेल्या टाकीत पाणी भरता येत नाही हे खरे. ती उघडी असताना वाफ साचत नाही. धोका शेवटचा टाका मारून टाकी पुन्हा बंद होत असताना असतो, आणि नंतर पाझर आढळून ती पुन्हा वेल्डिंगला जाते तेव्हा तर फारच. पेट्रोल भरून पाहिलेली टाकी पाझरते म्हणून तशीच ओतून वेल्डिंगला लावणे, ही आमच्या पाहण्यातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत वाईट सवय आहे.

म्हणून पाझराची चाचणी पेट्रोलशिवाय करावी. तोंडे रबराने बंद करून, एका तोंडातून सायकलच्या हातपंपाचे चार-पाच दट्टे हवा भरावी आणि टाकी पाण्याच्या पिंपात बुडवून बुडबुडे पाहावेत. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी लावू नये. टाकीच्या एका बाजूचे क्षेत्रफळ हजार चौरस सेंटीमीटर धरले तर अवघ्या एक किलो दाबालाही त्या पत्र्यावर हजार किलोंचा भार येतो. पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. टाकी फुगून वाकडी होते, आणि फुटली तर समोरच्याला इजा होते.

हे सगळे सांगून झाल्यावर माझे मत असे की, आपण हे काम करू नये. आरएक्सची टाकी साडेदहा लिटरची असून चाळीसचे अ‍ॅव्हरेज मिळाले तरी ४२० किलोमीटर होतात, आणि कराड ते सातारा या पन्नासएक किलोमीटरच्या पट्ट्यात पंपांची वाण नाही. भारतात १९८५ मध्ये आलेल्या आणि १९९६ मध्ये बंद झालेल्या या गाडीच्या मूळ टाकीला आज जी मागणी आहे ती पाहता, कापलेली टाकी परत मिळणार नाही. शिवाय त्या गाडीची निमुळती टाकी दोन्ही गुडघ्यांत नीट धरता येते म्हणून गाडी हाती राहते. रुंद टाकीने ती पकड जाईल.

प्रश्न : भंगारात एक मोठी टाकी स्वस्तात मिळाली. ती २०१९ च्या महापुरात पाण्याखाली होती असे कळले. आतून लाल गंज दिसतो. साफ करून वापरता येईल का? (एक वाचक, सांगलीवाडी)

उत्तर : गंज साफ होतो, शिवणीतला गाळ सहजी निघत नाही. कृष्णेच्या पुराचे पाणी ओसरते तेव्हा जो बारीक गाळ मागे राहतो, तो टाकीच्या तळाच्या शिवणीत घट्ट बसतो आणि ओलावा धरून ठेवतो. त्यामुळे पत्रा आतून शिवणीच्या रेषेवर खात जातो. टाकी विकत घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत आत छोटा बल्ब सोडून बाहेरून शिवण तपासा. सुईच्या अग्राएवढा जरी प्रकाश दिसला तरी टाकी परत करा. बाहेरून लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेली टाकी असेल तर चुंबक फिरवून पाहा, लांबीच्या जागी तो धरत नाही.

पत्रा शाबूत असेल तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने गाळ काढावा. मग मूठभर लहान नट मोजून आत टाकावेत, थोडे पाणी घालून टाकी सर्व बाजूंनी हलवावी आणि नट मोजूनच बाहेर काढावेत. आत राहिलेला एक नट कॉकच्या तोंडाशी येऊन बसतो. उरलेला गंज सायट्रिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्वाच्या, कोमट द्रावणात एक रात्र टाकी भरून ठेवल्यास सुटतो. दुसऱ्या दिवशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून, लगेच वाळवून, आत थोडे इंजिन ऑइल फिरवावे. स्वच्छ झालेला उघडा पत्रा सांगलीच्या पावसाळी हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होतो. आतून लावायचे अस्तराचे रसायन घ्यायचे असेल तर ते इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकते, असे डब्यावर लिहिलेले पाहूनच घ्यावे, एरवी त्याचे पापुद्रे सुटून कार्बोरेटरमध्ये येतात.

प्रश्न : फायबरची मोठी टाकी हलकी आणि स्वस्त मिळते. घ्यावी का? (एक वाचक, शिराळा)

उत्तर : घेऊ नये. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते आपल्याच भागातल्या उसापासून निघत असले तरी साध्या राळेच्या फायबरशी त्याचे जमत नाही. राळ मऊ पडते, रंग फुगतो आणि चिकट गाळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. पडझडीत पत्र्याला पोचा येतो, फायबरला चीर जाते, हे वेगळेच.

प्रश्न : दुसऱ्या गाडीची मोठी टाकी बसवल्यापासून पंधरा-वीस किलोमीटर गेले की गाडी गचके खाऊन बंद पडते. थोडा वेळ थांबले की चालू होते. दोन गॅरेजमध्ये कार्बोरेटर उघडून झाला. (एक वाचक, विटा)

उत्तर : कार्बोरेटर आता उघडू नका. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की लगेच टाकीचे झाकण उघडा आणि ‘फुस्स’ असा आवाज येतो का ऐका. आला तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा वरून आत आली नाही तर टाकीत पोकळी तयार होऊन धार थांबते. जुन्या मालातल्या टाक्यांना रंग देताना झाकणही रंगवतात आणि छिद्र रंगाने भरते. झाकण पेट्रोलमध्ये भिजवून बारीक तारेने ते मोकळे करावे. अलीकडच्या गाडीची टाकी असेल तर तिला झाकणात छिद्र नसून वाफ एका नळीने ती शोषणाऱ्या डब्याकडे नेण्याची सोय असते. ती नळी आपल्या फिटरने बूच मारून बंद केली असण्याचा संभव आहे. बूच काढून नळी इंजिन आणि सायलेन्सरपासून दूर, खाली मोकळी सोडा.

प्रश्न : मोठ्या टाकीमुळे आरटीओ किंवा पोलीस दंड करू शकतात का? विम्याचे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आपल्या आरसी बुकात टाकीची क्षमता लिहिलेली नसते, पण रंग आणि रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते. म्हणजे काळ्या गाडीवर लाल टाकी आली की बदल पहिल्या नजरेत उघड होतो. टाकी नोंदीतल्या रंगाची ठेवा, आणि काम करण्यापूर्वी आपल्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारणा करा. लेखी उत्तर हाती असले की नाक्यावर वाद घालावा लागत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा निरीक्षक गाडी समोर पाहतात. त्या वेळी गाडी मूळ टाकीवर नेणे सर्वांत सरळ, आणि फ्रेमचे कान न कापण्याचे आणखी एक कारण हे आहे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. न कळवलेल्या बदलाचा आधार घेऊन आगीचा दावा नाकारला गेला तर ग्राहक आयोगात खेटे घालावे लागतात.

प्रश्न : येझदीला मोठी टाकी बसवली आहे. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल) पूर्वी थेट टाकीत ओतत असे. आता प्लगवर काजळी धरते. (एक वाचक, मेढा)

उत्तर : लिटरमागे ऑइलचे प्रमाण आपण तेच ठेवले असणार, पण मोठ्या टाकीत ते नीट मिसळत नाही. कॉक ज्या पोटात आहे तिथे ऑइल तळाशी जाऊन आधी तेच उतरते आणि प्लग काळा पडतो. पुढे पलीकडच्या बाजूचे ऑइल कमी असलेले पेट्रोल येते, आणि ते पिस्टनला काजळीपेक्षा वाईट. लिटरला तीस मिलिलिटर घालत असाल तर दहा लिटरला तीनशे, असे ऑइल आधी दोन-तीन लिटर पेट्रोलच्या कॅनमध्ये घालून हलवा, ते टाकीत ओता आणि वरून बाकीचे पेट्रोल भरा. गाडी आठवडाभर उभी राहिली असेल तर किक मारण्यापूर्वी ती दोन्ही बाजूंना कलवून टाकी हलवून घ्यावी, कॉक त्यानंतर उघडावा.